मूळ रूपाचं खूळ

"ओरिजिनल आहे" एवढं म्हटलं की आपल्याकडे वाद संपतो. पैठणी ओरिजिनल, चप्पल ओरिजिनल, तांबडा-पांढरा रस्सा तर काय, प्रत्येक गल्लीत एक ओरिजिनल! हे खूळ आता जुन्या मोटारींपर्यंत पोचलंय आणि तिथून थेट आमच्या आजोळच्या घरात शिरलंय. म्हणून आज जरा तावातावानं लिहिणार आहे. नातेवाईक मंडळींनी राग मानू नये. मानलाच तर शेवटपर्यंत वाचून मग मानावा. :-)

वाद आहे मामांच्या फियाटवरून. इथं नेहमी येणाऱ्या पण आमच्या गोतावळ्यात नसलेल्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख करून देतो.

गाडी १९७० सालची, फियाट ११०० डी. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी, चाकं चौदा इंची. डांबरी रस्त्यावरून चार माणसांना ऐटीत नेण्यासाठी केलेली शहरी गाडी. मामांनी ती १९८०च्या सुमाराला जुनी म्हणून विकत घेतली आणि राधानगरी तालुक्यातल्या गावी आणली. आता गावाला जायला रस्ता होता, पण गावातून मळ्यात जायला होती ती पाणंद. ज्यांनी पावसाळ्यातली पाणंद पाहिली नाही त्यांना कसं सांगावं? दोन्ही बाजूंना उसाचा फड, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या, चाकोऱ्यांत गुडघाभर चिखल आणि दोन चाकोऱ्यांच्या मध्ये कडक उंचवटा. फियाट त्यात उतरली की पहिल्या पन्नास पावलांत चेंबर त्या उंचवट्यावर घासणार, आणि फुटलं तर सगळं ऑइल मातीत.

मामांनी गाडी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एका मेस्त्रींकडे नेली. तीन आठवड्यांनी परत आली तेव्हा मामींनी विचारलं होतं म्हणे, "आपली गाडी कुठं आहे?" मागच्या कमानपाट्यांत दोन-दोन पाटे वाढवलेले. पुढच्या स्प्रिंगांवर लेथवर कातलेले ठोकळे बसवून पुढची बाजूही तेवढीच उचललेली. बटण टायर. चेंबरखाली जाड पत्रा. रेडिएटरपुढं पाचट अडावं म्हणून बारीक जाळी. सायलेन्सरचं तोंड वळवून वर घेतलेलं. मागची सीट काढून, डिकी कापून तिथं छोटा हौदा केलेला, दुधाचे कॅन आणि खताची पोती ठेवायला.

यातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पुढं तिचं काम आहे. फियाटला जीपसारखी वेगळी चासी नसते. बॉडी हीच चासी. त्यामुळं डिकी कापली की गाडीचा कणाच कमजोर होतो. मेस्त्रींना हे कुठल्या पुस्तकात वाचून नव्हे, हाताखालून गेलेल्या गाड्यांवरून ठाऊक होतं. त्यांनी कापण्याच्या आधी खालून दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनल वेल्ड केले आणि मग वरचा पत्रा कापला. वर मामांना दम दिला, "ही आता उंच झाल्या. वळणावर माज करायचा न्हाई. साठच्या वर काटा गेला तर माझ्याकडं यायचं न्हाई." आणि मामांनी आरटीओत जाऊन तो बदल आरसी बुकात चढवून घेतला. शिक्क्यासकट तो आजही तिथं आहे.

ही गाडी पंचवीस-तीस वर्षं त्या पाणंदीतून चालली. दूध डेअरीला गेलं, बियाणं आलं, रात्री-अपरात्री अडलेल्या बायका तिच्यातून सीपीआरला पोचल्या. मामा गेल्यापासून ती गोठ्याशेजारच्या छपरात उभी आहे.

आता वाद. थोरल्या दादाचं म्हणणं, गाडी "रिस्टोअर" करायची. म्हणजे पाटे काढायचे, ठोकळे काढायचे, भंगारातून दुसऱ्या फियाटची मागची बाजू आणून जोडायची, क्रोमचे बंपर लावायचे, मूळ रंग द्यायचा आणि व्हिंटेज म्हणून नोंद करायची. धाकट्याचं म्हणणं, एवढा खर्च कोण करणार, भंगारात द्या. दोघंही भले आहेत, दोघांचंही वडिलांवर प्रेम आहे. पण माझं म्हणणं असं की दोघेही एकच गोष्ट करायला निघालेत. धाकटा गाडी एका दिवसात मोडणार आहे, दादा सहा महिने खपून, लाखभर रुपये घालून मोडणार आहे. एवढाच काय तो फरक!

दादाची बाजू आधी नीट मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम काढले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. मूळ रूपात हवी, म्हणजे चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००. नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं येतात. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. मामांची फियाट वयानं बसते, रूपानं बसत नाही. तेव्हा दादा म्हणतो, रूप बदलू या. सरळ हिशेब.

पण हा हिशेब ज्या पायावर उभा आहे तो पायाच मला मान्य नाही. गाडीचं "मूळ रूप" म्हणजे ती कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली त्या दिवशीचं रूप, आणि वारसा म्हणजे तेवढंच, हे कुणी ठरवलं?

आपल्या कोल्हापूरचंच बघा. दसऱ्याला दसरा चौकात सीमोल्लंघनाच्या सोहळ्याला छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक येते. १९३६ सालची. ती आली की गर्दीत लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या माना वळतात, माझीही वळते. पण त्या काळी मेबॅक कंपनी इंजिन आणि चासी बनवायची, वरची बॉडी दुसरे कारागीर गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणं बांधून द्यायचे. म्हणजे मालकाच्या गरजेप्रमाणं गाडी घडवणं ही त्या काळातली सर्वमान्य रीत होती. राजस्थानात कोट्याचे महाराव उम्मेदसिंह यांनी १९२५ च्या रोल्स रॉइसवर वाघाच्या शिकारीसाठी मोठाले सर्चलाइट आणि बंदुकांच्या जागा करवून घेतल्या. रस्ता सोडून रानात जाण्यासाठी केलेली मोटार! तिला आज जगभर कौतुकानं वारसा म्हणतात. आता कुणी म्हणेल, ती गाडी पहिल्यापासूनच तशी बनवून घेतली होती, म्हणून ती मूळ रूपात. बरोबर. राजानं गाडी घेतानाच सांगितलं, कारण त्याला ते परवडत होतं. आमच्या मामांनी दहा वर्षांनी, जुनी गाडी घेऊन, उद्यमनगरात सांगितलं, कारण त्यांना तेवढंच परवडत होतं. वाघ मारायला केलेला बदल वारसा आणि दूध न्यायला केलेला बदल बिघाड? माझ्या डोक्यात हे काही शिरत नाही.

शिवाय कोल्हापूरनं तरी हे म्हणू नये. ह्या गावाची अर्धी कीर्ती दुसऱ्याचं यंत्र उघडून, समजून घेऊन, आपल्या कामाजोगं करण्यावर उभी आहे. बाबूराव पेंटरांना चित्रपट काढायचा होता आणि हातात परदेशी कॅमेरा नव्हता. तेव्हा त्यांनी प्रोजेक्टर खोलून त्याचं तंत्र समजून घेतलं आणि विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा स्वतः बनवला. १९२० साली 'सैरंध्री' आला तो ह्या खटपटीतून. आपल्याच जिल्ह्यात इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली. १९४०च्या दशकात सुरुवात करून १९७०च्या दशकापर्यंत ते एकामागून एक सुधारलेली गाडी तयार करत राहिले. ती बाजारात कधी आली नाही ही गोष्ट वेगळी, आणि तिच्यावर हळहळणारे लेख आपण सगळेच एकमेकांना पाठवत असतो. मग ज्या हातांवर आपण हळहळतो त्याच जातीच्या हातांनी केलेलं एक काम आपल्या छपरात उभं आहे, ते आपण ग्राइंडर लावून काढून टाकायचं?

बाहेरच्या जगाचं उदाहरण दिल्याशिवाय आपल्याला पटत नाही, म्हणून तेही देतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स नावाचा होड्या बनवणारा माणूस होता. त्यानं १९६४ साली फोक्सवॅगन बीटल ह्या छोट्या मोटारीचं इंजिन आणि इतर भाग घेतले, त्यावर फायबरची हलकी बॉडी चढवली आणि वाळूत पळणारी 'मायर्स मॅन्क्स' तयार केली. १९६७ साली त्यानं एका साथीदाराबरोबर मेक्सिकोतला ला पाझ ते तिह्वाना हा खडबडीत प्रवास ३४ तास ४५ मिनिटांत करून मोटारसायकलवाल्यांचा विक्रम मोडला. पुढं लोक बीटलचीच मडगार्डं कापून, तिला उचलून, मोठी चाकं लावून वाळवंटात नेऊ लागले. आणि २०१४ साली अमेरिकेत ऐतिहासिक वाहनांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, तेव्हा तिच्यात दुसऱ्या क्रमांकावर कोण बसलं? मायर्सची ती पहिली लाल मॅन्क्स! तिला कुणी सांगितलं नाही की बाई, आधी बीटल होऊन ये. बदल हेच तिचं महत्त्व होतं.

आता कायद्याकडे वळतो, कारण आमचे काका (हायकोर्टातले) हे वाचणार आहेत आणि त्यांचा पहिला प्रश्न तोच असणार.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. सुरुवातीला त्यात वाट होती: आधी कळवा, मंजुरी घ्या, मग बदल करा. २००० सालच्या दुरुस्तीनं ती बरीचशी बंद झाली. आरसीतला तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही, असं आलं. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. ह्या हिशेबानं आज कुणी मामांसारखी गाडी करायला घेतली तर पाटे, ठोकळे, हौदा... दंडाची बेरीज तुम्हीच करा.

मी कायदा मोडा असं मुळीच म्हणत नाहीये. कायद्यामागचं कारणही खोटं नाही. उंच केलेल्या गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती लवकर कलंडू शकते. मोठी चाकं लावली की ब्रेकवर ताण येतो, स्पीडोमीटर खोटं बोलतो. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. कुणीही उठून वेल्डिंगचं मशीन घ्यावं आणि गाडीचा कणा कापावा, हे चालणार नाही. मान्य, शंभर टक्के मान्य.

पण मग प्रश्न असा की काम चांगलं की वाईट हे तपासायचं, की बदल केला म्हणजे वाईटच असं धरून चालायचं? मेस्त्रींनी आधी चॅनल वेल्ड केले आणि मग पत्रा कापला, हा फरक आजच्या नियमाला दिसतच नाही. त्याच्या लेखी शहाणा मेस्त्री आणि उनाड पोरगा दोघे सारखे. आणि जिथं दोघे सारखे ठरतात तिथं शहाणा माणूस काम सोडतो, उनाड चालू ठेवतो. आज रस्त्यावर नेमकं हेच दिसतं. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर आणि डोळे दिपवणारे दिवे सर्रास आहेत, पण पाट्यांचं नीट काम करून देणारा जुना मेस्त्री म्हणतो, "नको रे बाबा, कागदाची भानगड."

जर्मनीसारख्या नियमांना चिकट देशात काय करतात बघा. तिथं तीस वर्षांवरच्या, नीट राखलेल्या गाडीला नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं, ऐतिहासिक म्हणून. त्या गाडीच्या काळाला धरून केलेले बदल तिथं चालतात. मान्यताप्राप्त तज्ज्ञ येतो, गाडीखाली शिरून बघतो आणि ठरवतो. एरवीही केलेला फेरफार तपासून घेऊन कागदावर चढवायची रीत आहे. म्हणजे सुरक्षितता हवी असेल तर तपासणी हा उपाय आहे. सरसकट बंदीनं तपासणीचे कष्ट वाचतात, बाकी काही होत नाही.

आणि आपल्याकडे दार अगदीच बंद आहे असंही नाही. २०१९ च्याच दुरुस्तीत म्हटलंय की फेरफारांसाठी कोणते निकष, कोणत्या अटी, मंजुरी कशी, हे केंद्र सरकार ठरवून देऊ शकेल. मान्यताप्राप्त किट बसवून गाडी सीएनजीवर किंवा विजेवर नेता येतेच की. इंधन बदललेलं चालतं, म्हणजे गाडीचं काळीज बदललेलं चालतं, मग तपासून घेतलेले दोन पाटे का चालू नयेत? माझी मागणी एवढीच आहे. पन्नास वर्षांवरच्या, पूर्वी नोंद झालेल्या बदलांच्या गाड्यांना व्हिंटेजमध्ये एक वेगळा रकाना द्या. बदल कोणता, कधी, कशासाठी, ते लिहा. गाडी तपासा. सुरक्षित असेल तर नंबर द्या, नसेल तर देऊ नका.

दुसरी बाजू खिशाची. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० झाली. जुनी गाडी रस्त्यावर नको, हे धोरण म्हणून मी समजू शकतो. धूर सोडणाऱ्या गाड्या जायलाच हव्यात. पण परिणाम काय होतो? ज्याच्याकडे पैसा आहे त्याची जुनी गाडी चकचकीत होऊन रॅलीत जाते, ज्याच्याकडे नाही त्याची भंगारात. मधल्या माणसाची, राबलेली, बदललेली, ठोकलेली गाडी कुठंच उरत नाही. पन्नास वर्षांनी कुणी पाहील तर त्याला वाटेल की १९८० साली महाराष्ट्रात सगळे लोक क्रोमचे बंपर चमकवत डांबरी रस्त्यावरून सहलीला जात होते. पाणंद नव्हतीच!

हा लेख वाचून आमच्या मित्रमंडळातल्या काही "ऑफरोड" वाल्यांना हर्ष होईल, म्हणून त्यांनाही दोन शब्द. तुम्ही वीस लाखांची गाडी घेऊन मसाई पठारावर चाकांची नक्षी काढता, तिच्याशी मामांच्या गाडीचं नातं जोडू नका. सड्यावर जांभ्याच्या खडकावर मातीचा जेमतेम काही बोटं जाडीचा थर असतो. पावसाळ्यात त्यावर गेंद, सीतेची आसवं उगवतात. एकदा चाक फिरलं की तो थर खरवडला जातो, पाणी त्या चाकोरीतून वाहतं आणि माती घेऊन जातं. मामांची गाडी रस्ता सोडून कुठं गेली नाही. जो रस्ता होता त्यावरून तिला जाता यावं म्हणून ती बदलली. गरजेपोटी गाडीनं वाटेशी जुळवून घेतलं. तुम्ही हौसेपोटी वाट नसलेल्या ठिकाणी वाट पाडता. नाद करावा, कोल्हापूरकरानं तर जरूर करावा, पण त्यासाठी खासगी जमिनीवर आखलेली मैदानं शोधा. सडा सोडा.

आता दादा, तुझ्यासाठी.

तू म्हणतोस गाडी "पहिल्यासारखी" करायची. पण पहिल्यासारखी म्हणजे कुणाच्या आठवणीतली? क्रोमचे बंपर असलेली ती फियाट मुंबईतल्या कुणा अनोळखी मालकाची होती. मामांची गाडी हौद्याचीच. तू हौद्यात बसून शाळेला गेलास, मी सुट्टीत आलो की कॅनांच्या मध्ये बसून मळ्यात गेलो, आणि मामी अजूनही तिला गाडी म्हणत नाहीत, "आपलं गाढव" म्हणतात, ते ह्याच रूपाला. तू लाखभर घालून जे आणशील ती छान जुनी फियाट असेल, पण तशा छान जुन्या फियाटी पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. उद्यमनगरच्या त्या मेस्त्रींनी केलेली ही एकच. व्हीए नंबर मिळवण्यासाठी तू तिच्यावरची आपल्या माणसांची सगळी खूण पुसणार, आणि मग वर्षातून एकदा रॅलीत लोकांना सांगणार, ही माझ्या वडिलांची गाडी. हे सांगताना तुझी जीभ अडखळेल रे.

आणि धाकट्या, भंगारवाला जे देईल त्यात तुझ्या नव्या गाडीचे दोन टायरही येणार नाहीत. कशाला घाई?

माझा प्रस्ताव व्यवहारी आहे. एक, आत्ता काहीही कापू नका, काही जोडूही नका. दोन, इंजिन जाम होऊ नये म्हणून एखादा जाणता मेस्त्री बोलवा, प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडा, टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, गाडी ठोकळ्यांवर घ्या म्हणजे पाट्यांवरचा भार जाईल. तीन, आरसी बुकाच्या त्या शिक्क्याच्या पानाचे नीट फोटो काढून ठेवा आणि मामींना विचारून कुठला बदल कधी झाला ते लिहून काढा. लिहायचं काम मी घेतो. चार, ह्या नियमात वेगळा रकाना हवा असं पत्र आपण सगळ्यांनी मिळून परिवहन मंत्रालयाला धाडू. काका मसुदा बघतील. अशा गाड्या आणखी कुणाच्या छपरात उभ्या असतील, आणि असणारच, त्यांनीही लिहावं. काढलेल्या हरकतीतून कधी कधी नियम बदलतात.

नाहीच बदलला, तर गाडी रस्त्यावर येणार नाही. नाही तर नाही. छपरात उभी राहील, बघायला येणाऱ्याला आपण सांगू की हे पाटे का वाढवले आणि हा चॅनल आधी का मारला. पण खोटं रूप घेऊन रस्त्यावर येण्यापेक्षा खऱ्या रूपात छपरात राहिलेली मला परवडेल.

असो. फार लांबलं. मामी, दादाला एवढं वाचून दाखवा, तो माझं स्वतःहून वाचत नाही. :-)